मुलुंडला जाणवलेला धक्का

रविवारी दुपारी, घरात बसल्या बसल्या दीप्तीला खालून हलका हादरा जाणवला. भूकंपात कुठली जमीन किती हलेल, याची समीकरणं ती दोन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये बसवत होती. पालघरकडच्या भूकंपाची बातमी येताच तिने आकडे भरले. उत्तर आलं: मुलुंडला अगदी किरकोळ धक्का. बरोबर निघालं होतं! कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून तिने समोरच्या सुगंधाकाकूंची बेल वाजवली.

"काकू, भूकंप जाणवला ना?"

"छे गं! नातवंडांचा धुडगूस चाललाय नुसता. तुला बरा कळला!"

"अगदी शांत बसलेल्यालाच कळतो तो."

काकूंनी तिच्यामागच्या उघड्या दारातून आत पाहिलं. घरात कुणीच नव्हतं.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.