सोळावं बाक

फलाट तीन. फरशीवर चार-चार छिद्रं, पंधरा जागी.

दहा ते बारा गाडी नाही.

फलाट तिकीट. मुदत दोन तास. शिक्का दहा वाजून दोन मिनिटांचा.

निळा रुमाल, गाठ मारलेला.

भिंतीवर मुख्यालयाचा हुकूम : लोक उगाच बसून राहतात, सबब सर्व बाकं हटवावीत. खाली, हुकूम पोचल्याची, स्टेशनमास्तरची सही.

शेवटच्या, सोळाव्या बाकावर एक आजी बसली होती. समोर पाना घेऊन फिटर उकिडवा.

"उठा ना आजी. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग मी गेल्यावर कर."

"कधी जाणार?"

"बारा वाजता."

फिटरने कपाळाला हात लावला. कामाचा परवाना बाराला संपत होता. नवा मिळेपर्यंत वर्ष सहज गेलं असतं.

स्टेशनमास्तर तावातावाने आला. "आजीबाई, हे तुमच्या घरचं अंगण नाही."

"तुमच्याही नाही. तिकीट काढलंय मी."

त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि चरफडत परत दिलं.

"साहेब, बाकासकट उचलू का?" फिटरने विचारलं.

"तिकीटवाल्या बाईला हात लावतोस? नोकरी जाईल तुझी, आणि माझीही. थांब, महिला पोलीस बोलावतो."

तो फोन करून आला. "येताहेत. वेळ लागेल म्हणे."

फरशीवर बसलेले प्रवासी हळूहळू जवळ सरकले. तान्हं बाळ घेतलेली एक बाई आजीशेजारी टेकली. मग कुबडीवाला एक माणूस.

"ऐसपैस बसा," आजी म्हणाली. "यांच्या खुर्चीला कुठे कोण पाना लावतंय!"

लोक हसले. स्टेशनमास्तर लालेलाल झाला. "या वयात हा तमाशा! लाज नाही वाटत?"

"माणसांना जमिनीवर बसवताना तुम्हाला वाटली? आईने काही शिकवलं की नाही?"

"आईपर्यंत जायचं काम नाही!"

अकरा वाजले. तो पुन्हा आला नि गुरकावला, "गोळीबिळी असेल तर घेऊन टाका. माझ्या फलाटावर चक्कर येऊन पडायचं नाही."

आजीने रुमालाची गाठ सोडली, गोळी गिळली आणि मांडी ठोकून बसली.

बाराची गाडी धडधडत शिरली. फिटरने पाना पिशवीत टाकला. "जिंकलात आजी," तो पुटपुटला.

स्टेशनमास्तरने वहीत नोंद केली : काम अपूर्ण. कारण, प्रवाशाचा हट्ट.

सकाळी सव्वानऊला, घरून निघताना, त्यानेच ती गोळी निळ्या रुमालात बांधून आईच्या हातात दिली होती.