केळुसकरांचा पटदीप

नानांनी डाव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक केलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

नंदकिशोरने कपाळाला हात लावला. "नाना, अहो वहीत आहे तस्संच वाजवलंय मी."

पुन्हा दोनदा.

अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल देऊन पाहिली, तर नुसत्या रेघोट्या. ज्या कमळाकर केळुसकर मास्तरांची पेटी ऐकायला दादरच्या गल्लीत माणसं ताटकळत उभी राहायची, ते आता वाशीच्या दोन खोल्यांत छताकडे बघत पडून असत. मुलाला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पेटी गवसणीतच राहिली.

पण नंदकिशोरला संगणक येत होता. शिरवण्याच्या कारखान्यात तो इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघायचा, आणि चुलतभावाने दुबईहून एक एवढासा संगणक आणून दिला होता, टीव्हीला जोडायचा. त्याच्या पोटातला स्पीकर एका वेळी एकच सूर काढी, तोही डास गुणगुणल्यासारखा. मात्र सुराचा आकडा आणि त्याची लांबी सांगितली की बिनचूक. पेटीत तरी मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं, कुठे असते, हे नानांचंच वाक्य नंदकिशोरला आठवलं. तिथे पट्टी, इथे आकडा.

त्याने नानांची वही काढली आणि पटदीप रागातली गत, पेटीवर वाजवायची बांधीव रचना, भरायला घेतली. नानांचं नाव झालं ते हिच्यामुळे. अठ्ठावन्न साली ती रेडिओवर वाजली, आणि तेव्हापासून जाणकार तिला 'केळुसकरांचा पटदीप' म्हणू लागले. कुठल्याही बैठकीत शेवटी तिचीच फर्माईश व्हायची.

त्याच्या बायकोने, वैशालीने, वहीतले सूर वाचून दाखवायचे, नंदकिशोरने आकडे टाइप करायचे. तीन रविवार गेले. एकदा मध्येच वीज गेली आणि सगळं पुसलं. पुन्हा बसले, या वेळी तुकड्यातुकड्याने कॅसेटवर साठवत. शेवटी त्याने हौसेने पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: पटदीप, रचना कमळाकर केळुसकर.

पहिल्यांदा गत वाजली तेव्हा वैशालीने टाळ्याच पिटल्या. "नाना, बघा तरी! नाव कसं झोकात दिसतंय!"

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नवराबायकोने समाधानाने एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात टकटक झाली. दोनदा.

तिथून पुढे सगळं बिनसलं.

कारखान्यातून आला की नंदकिशोर हातपाय धुऊन त्या यंत्रापुढे बसे. "गंधार चुकला का?" दोनदा. "लय संथ झाली?" दोनदा. त्याने लय वाढवली, सगळी पट्टी खाली आणली, एकेका सुराची लांबी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने बदलून पाहिली. नाना डावा हात कसाबसा उचलून टीव्हीकडे दाखवायचे, घशातून घरघर काढायचे आणि थकून हात टाकून द्यायचे.

"आवाज सहन होत नाहीये का त्यांना?" वैशालीने विचारलं.

"नाना, बंद करू का हे?"

दोनदा. इतक्या जोरात की बोटाचं कातडं सोललं.

"मग काय हवंय तुम्हाला?" नंदकिशोर ओरडला. या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही यात बसत नव्हतं. नानांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला मार बसलाय. सुरांची ओळखही पुसली गेली असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

नंदकिशोरने ते मनाला लावून घेतलं. हात गेले, वाचा गेली, निदान कान तरी शाबूत असतील असं तो धरून चालला होता. तरी त्याने नाद सोडला नाही. रोज काही तरी बदलायचं, वाजवायचं, दोन टकटकी ऐकायच्या. मार्चमध्ये दुसरा झटका आला आणि तेही थांबलं.

पेपरात दोन ओळी छापून आल्या होत्या. त्या वाचून, तेराव्यानंतरच्या रविवारी एक बाई खाडीपूल ओलांडून एकट्याच आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी. "मी सुनीती. तुमच्या वडलांकडे शिकायचे, फार पूर्वी. नंतर येणं सोडलं."

वैशालीने चहा ठेवला. बाईंनी विचारलं, "शेवटी शेवटी वाजवणं जमत होतं का त्यांना?"

नंदकिशोरने नाही म्हणून मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने कॅसेट लावली, अगदी पहिली, वहीबरहुकूम भरलेली. पडद्यावर अक्षरं उमटली. किणकिणत गत सुरू झाली आणि संपली. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. कपातला चहा तसाच होता.

"हे त्यांनी ऐकलं?"

"शंभरदा. दर वेळी नाही म्हणाले. बोट दाखवत राहिले, पण चूक काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला सापडतेय का कुठे?"

"सूर एकही चुकलेला नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांची असताना बांधली होती, अगदी तशीच आहे. तिथे नाव तेवढं माझं हवं होतं."