‘हो’ न म्हणालेल्या बायका

“नवरा हात उचलतो का?” या सर्वेक्षणातल्या प्रश्नाला निम्म्या बायकांनी उत्तरच दिलं नव्हतं. पण संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये साहेबांनी अट घातली होती: ‘हो’ नसेल, तर ‘नाही’ धरा. अहवालात त्या सगळ्या जणी सुखी!

आकडेमोड तपासणारी ती साहेबांवर तुटूनच पडली. “बाईच्या तोंडाला कुलूप असलं म्हणजे घरात आनंदीआनंद, असं कुणी सांगितलं तुम्हाला?” अट बदलायला लावूनच ती जागची उठली.

जिन्यातच आईचा फोन आला. “काय गं, जावईबापूंनी पुन्हा हात नाही ना उचलला?”

तिने फोन दुखऱ्या कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला. तोंडातून शब्द फुटेना.


“बरं झालं बाई! जिवाला नुसता घोर लागला होता,” म्हणत आईने फोन ठेवला.