तीन दिवसांची रजा

मंगळवारी सकाळी हजेरी लावताना यामिनीच्या फोनवर मेसेज आला. शुक्रवारपासून तीन दिवस सुतकाची रजा मंजूर. तिने अर्ज केलाच नव्हता. घरच्यांच्या तब्येती तपासून कंपनीचं यंत्र अशी रजा आधीच देऊन टाकायचं, आणि आजवर ते एकदाही चुकलं नव्हतं. कोण जाणार, ते मात्र सांगत नसे. पण लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक आईवडिलांचंच, आणि वडील कधीच गेले होते.

ती रजेचं काम बघणाऱ्या कुलथेबाईंच्या टेबलाशी गेली.

"ही रजा मला आजपासून द्या."

बाईंनी रजेच्या तारखा पाहिल्या. "मग शुक्रवारी तुला कामावर यावं लागेल, यामिनी."

"येईन," यामिनी म्हणाली. "आई आज आहे ना."