ज्याचा त्याचा रंग

"कोट कुठल्या रंगाचा आहे?" ताईंनी विचारलं.

नर्सने पानं टेबलावर ठेवली. कथा तिचीच होती. काल सकाळी ती मोठ्या डॉक्टरांच्या टपालात येऊन पडली, दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डाने चवीने वाचली आणि संध्याकाळी नर्सला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

"हिरवा," ती म्हणाली.

ताईंच्या बाइंडिंगच्या दुकानामागे ही खोली होती. एका बंद पडलेल्या मालिकेचे पाच वेडे चाहते महिन्यातून एकदा इथे जमत आणि आपापल्या कथा वाचत. मालिकेतले हाडवैरी त्यांच्या कथांत एकमेकांच्या मिठीत सापडत. बाहेर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. इथे कोणी नाक मुरडत नसे.

ताईंना तर या खोलीपलीकडे माणूस उरलंच नव्हतं. नवरा गेलेला, बहिणीने नाव टाकलेलं. ही मंडळी पांगली तर भिंतींशी बोलायची वेळ येईल, याची त्यांना भयंकर धास्ती होती.

गेल्या वर्षी शिंप्याची कथा कोणीतरी त्याच्याच दुकानाच्या दारावर चिकटवली. गिऱ्हाईक तुटलं. तेव्हापासून तो रोज ताईंकडेच येऊन बसे, आणि ताई प्रत्येक कथेची प्रत्येकासाठी वेगळी प्रत टाइप करत. एकीत नायकाचा कोट निळा, दुसरीत करडा. प्रत बाहेर गेली की फितूर सापडलाच.

"हिरवा माझ्याकडे होता," शिक्षिका पुटपुटली. "पण माझी प्रत कपाटात आहे, कुलपात. आणून दाखवू?"

"झेरॉक्सला कितीसा वेळ लागतो?" कारकून म्हणाला.

"तूच म्हणायचीस ना, लपायचं कशाला, उघड छापू या?" नर्सचा आवाज चिरकला. "कुंपणानंच शेत खाल्लं!"

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना," शिक्षिका म्हणाली.

"काय सांगू, बाळा? माझंच काळीज तुटतंय." ताईंचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्यांनी उठून दार उघडलं. शिक्षिका पिशवी न घेताच गेली.

नर्स ताईंच्या खांद्यावर कोसळली. "दोन महिने कामाचं निमित्त सांगून टाळलं मी तुम्हाला. आता तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

"ये की. रोज ये." ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कोपऱ्यात शिंपी मान खाली घालून बसला होता.

निघताना कारकून दारात घुटमळला. "ताई, आज सांगू नये, पण माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यापासून यायला जमेलसं वाटत नाही."

"अरे वा! मुलगी कुठली?" ताईंनी तोंडभरून विचारलं.

त्याने लाजत सगळं सांगितलं, अगदी गल्लीसकट.

मंडळी गेल्यावर ताईंनी दाराला कडी लावली, चष्मा पुसला आणि कोऱ्या पाकिटावर त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांचा पत्ता टाइप केला.