भिंतीला लागलं

पाळणाघराच्या दारात चार वर्षांची शर्वी अडून बसली होती. "मी आत नाही येणार. भिंत माझ्यावर रागावली आहे."

मुलांना सांभाळणाऱ्या मालनमावशींना कारण ठाऊक होतं. आईला यायला उशीर झाला म्हणून काल शर्वीने रागारागाने चमच्याने भिंत खरवडली होती, आणि तिथून चीक वाहू लागला होता. वस्तीतलं हे पाळणाघर लाकूड कापून बांधलेलं नव्हतं. शिवणीची झाडं एकमेकांत गुंफून ते वाढवलेलं होतं. त्याच्या भिंती जिवंत होत्या, मुळांनी पाणी पीत होत्या.

मावशींनी देखभाल करणाऱ्या गुणवंतभाऊ वाढईंना बोलावून घेतलं. शेणमातीचं घमेलं घेऊन ते शर्वीशेजारी उकिडवे बसले.

"मी तीस वर्षं करवत चालवली, बेटा. झाडाला लागतं, पण ते रागवत नाही. मलम लावायला मात्र लहान हात हवा. येतेस?"

शर्वीने आपले तळवे न्याहाळले आणि ती उठली. आत जाऊन तिने जखमेवर शेणमाती लिंपली, वर हळूच फुंकरही घातली.

दुपारी सगळी मुलं झोपली, तरी ती भिंतीला टेकून टक्क जागी होती.

"झोप ना गं," मावशी म्हणाल्या.

"आधी ती झोपू दे."

मावशींनी भिंतीला कान लावला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. तरी थोडा वेळ थांबून त्या कुजबुजल्या, "झोपली."

मग शर्वीने डोळे मिटले.