ओव्यांचा कागद

भडगावच्या नर्मदाबाईंच्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक छापायला मोतीलालने धुळ्यातल्या आपल्या छापखान्यात पांढराशुभ्र, टिकाऊ मॅपलिथो कागद आणून ठेवला होता. मध्येच एका कारखान्याचा घाईचा अहवाल आला आणि तो कागद त्यातच संपला. ‘म्हातारीला कुठे वाचता येतं?’ असं म्हणत त्याने ओव्या वर्तमानपत्राच्या हलक्या कागदावर छापल्या. दोन वर्षांनी तो भडगावला गेला, तेव्हा नर्मदाबाईंनी पुस्तक पदराने धरून त्याच्यापुढे उघडलं. पानं पिवळी पडून कडांना तुटत होती. “मना हात लागीसन खराब व्हयनं का रे भाऊ?” त्यांनी आपल्या हातांकडे बघत ओशाळून विचारलं. “आते मी हातच लावत नही.” “नाही अक्का, कागद मीच हलका वापरला,” मोतीलाल कसाबसा म्हणाला. त्या रागावल्या नाहीत. “मंग मना हात चांगला शेतस!” म्हणत त्यांनी समाधानाने तळवा पानावर ठेवला. मोतीलालला मान वर करवेना.